६ वर्षांचं स्वमग्न मूल रात्री झोपत नाही: सुरुवात कुठून करायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा ६ वर्षांचा, स्वमग्न (ऑटिझम असलेला), मोजकेच शब्द बोलतो. रात्री ९ ला अंथरुणावर नेलं तरी पावणेबारापर्यंत झोपत नाही. आई शेजारी पडून पाठीवरून हात फिरवत राहिली तरच डोळा लागतो. आठवड्यातून तीन-चार रात्री २ च्या सुमारास उठतो, हसतो, गादीवर उड्या मारतो आणि दीड-दोन तास टक्क जागा असतो. शाळेच्या दिवशी सकाळी ७ ला ओढून उठवावं लागतं, सुट्टीला १० पर्यंत झोपू देतात. मेलाटोनिन (शरीराला रात्र झाल्याचं सांगणारं संप्रेरक, ते गोळीतूनही देतात) द्यावं का, की वजनदार पांघरूण घ्यावं, असं पालकांनी विचारलं आहे.

दोन्हींबद्दल पुढे लिहितो, पण त्यांची पाळी नंतरची. आधी करायची गोष्ट ऐकायला उलटी वाटेल: या मुलाला ९ वाजता झोपवायला नेणं बंद करा.

झोप दोन गोष्टींवर चालते. एक म्हणजे झोपेची भूक. माणूस जितका वेळ जागा, तितकी ती वाढते. दुसरं म्हणजे शरीराचं घड्याळ. ते उजेड-अंधारावर आणि रोजच्या उठण्याच्या वेळेवर लागतं. स्वमग्न मुलांपैकी निम्म्याहून अधिक मुलांना झोपेची काही ना काही तक्रार असते, आणि त्यांच्यातल्या बऱ्याच जणांत हे घड्याळ मुळातच सैल असतं. तुमच्या मुलाचं घड्याळ आज पावणेबाराला रात्र झाली असं सांगतं. त्यात सुट्टीच्या दिवशी १० पर्यंत झोपला की ते आणखी पुढे सरकतं. म्हणजे ९ ते पावणेबारा हे पावणेतीन तास तो रोज अंथरुणात जागं राहण्याचा सराव करतो. अंथरूण म्हणजे उड्या, अंथरूण म्हणजे आईशी झटापट, हे त्याच्या डोक्यात पक्कं होत जातं. अनेक स्वमग्न मुलं ठिकाण आणि कृती यांची सांगड घट्ट घालतात, म्हणून हे नातं मोडायलाही वेळ लागू शकतो.

मुलाला बळजबरीने झोपवता येत नाही. उठण्याची वेळ मात्र पूर्णपणे आपल्या हातात असते, आणि पुढचं सगळं त्या एका वेळेवर उभं आहे.

त्याआधी डॉक्टरांकडे काय तपासून घ्यायचं

बोलता न येणारं मूल रात्री दुखतंय असं सांगत नाही, ते फक्त उठतं. त्यामुळे वेळापत्रकाला हात लावण्याआधी बालरोगतज्ज्ञांकडे खालच्या गोष्टी नावानिशी काढा. 'झोपत नाही' एवढंच सांगितलं तर बहुतेकदा 'स्वमग्न मुलांचं असंच असतं' हे उत्तर मिळतं आणि विषय तिथेच संपतो.

बद्धकोष्ठ सगळ्यात आधी. मोजकेच पदार्थ खाणाऱ्या मुलांत ते फार आढळतं, आणि फसवंही असतं. रोज थोडी पातळ शी चड्डीला लागते म्हणून पोट साफ आहे असं वाटतं, पण आत घट्ट खडा अडकून बाजूने पातळ मळ झिरपत असतो. आडवं झाल्यावर घशाशी येणारं आम्ल, किडलेली दाढ, कानाचं दुखणं, कोरड्या त्वचेची खाज ही पुढची यादी.

घोरणं म्हणजे गाढ झोप नव्हे. तोंड उघडं टाकून झोपणं, मान मागे ताणून झोपणं, झोपेत घाम फुटणं, श्वास क्षणभर थांबून मग मोठा आवाज होणं, सुटलेली अंथरुणातली लघवी परत सुरू होणं यांतलं काही दिसलं तर टॉन्सिल आणि ॲडिनॉइड (नाकाच्या मागची गाठ) वाढलेत का हे कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून पाहून घ्यावं. गरज पडल्यास झोपेची चाचणी करावी लागते. तिथे अंगाला बऱ्याच तारा लावतात. मुलाला स्पर्श सहन होत नसेल तर आधी दोन-तीन आठवडे घरी टोपी आणि चिकटपट्टीचा खेळ खेळवून तयारी करावी, नाहीतर चाचणी अर्धवट सुटते.

पाय सतत घासणं, लाथा झाडणं, झोपेत चादर गुंडाळून फेकणं दिसत असेल तर रक्तातलं फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं प्रथिन) तपासून घ्या. अस्वस्थ पायांची तक्रार असलेल्या मुलांत ते ५० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खाली असेल तर लोह देण्याचा विचार होतो. प्रयोगशाळेच्या कागदावरची 'नॉर्मल' मर्यादा याहून बरीच खाली सुरू होते. त्यामुळे १८ चा आकडा ठळक छापलेला नसतो आणि नजरेतून सुटतो. ताप किंवा संसर्ग असताना ही तपासणी करू नका, तेव्हा फेरिटिन खोटं वाढलेलं दिसतं. लोह मनानं सुरू करू नका. जास्त मात्रा लहान मुलांना घातक असते.

रात्रीच्या हसण्याबद्दल एक वेगळी सूचना. आनंदाने हसणारं मूल खोलीकडे, आवाजाकडे, तुमच्याकडे बघतं, आणि त्याचं हसू दर वेळी थोडं वेगळं असतं. पण काही सेकंदांचं, दर वेळी हुबेहूब सारखं, कारण नसलेलं आणि चेहऱ्यावर आनंद नसलेलं हसू, किंवा त्याच त्या प्रकारे अंग ताठ होणं, हात-पाय झाडणं हे फिट असू शकतं. स्वमग्न मुलांत अपस्माराचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त असतं. मोबाइलवर व्हिडिओ काढा, मुलाचा चेहरा आणि हात दोन्ही दिसू देत, आणि तो मज्जाविकारतज्ज्ञांना दाखवा. वर्णनापेक्षा ३० सेकंदांचा व्हिडिओ उपयोगी पडतो. मुलाला अपस्मार असल्याचं ठाऊक असेल तर पुढे सांगितलेली 'उशिरा झोपवा' ही पद्धत डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका, कारण अपुऱ्या झोपेने फिट येऊ शकते.

चालू औषधांची यादीही न्या. एडीएचडीचं (अतिचंचलतेचं) औषध मिथाइलफेनिडेट दुपारनंतर दिलं तर झोप यायला उशीर होतो. दम्यासाठीच्या माँटेलुकास्टमुळे काही मुलांना वाईट स्वप्नं पडतात, झोपेत आणि वागण्यात बदल होतात. सर्दीची झोप आणणारी औषधं, म्हणजे अँटिहिस्टामिन, काही मुलांना उलट चेकाळवतात. झोपेसाठी म्हणून ती घरात वापरली जातात. ही सवय सोडलेली बरी.

१४ दिवसांची नोंद

या दोन आठवड्यांत काहीही बदलू नका, फक्त लिहा. दिवा किती वाजता मालवला, डोळा किती वाजता लागला, मध्ये कधी उठला आणि किती वेळ जागा होता, सकाळी कधी उठला (स्वतःहून की उठवल्यावर), दिवसा कुठे डुलकी लागली, आणि उठल्यावर तुम्ही नेमकं काय केलंत. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. 'फोन दिला', 'दूध दिलं', 'बाबा घेऊन फिरले' असं प्रामाणिकपणे लिहा. कागद कुणाला दोष देण्यासाठी नाही.

डुलकी म्हटलं की पलंग डोळ्यांसमोर येतो, पण खरी चोरी शाळेच्या गाडीत होते. परतीच्या वाटेवर साडेतीनला घेतलेली २० मिनिटं रात्रीची झोपेची भूक मारतात. गाडीत सोबत असणाऱ्याला सांगून ठेवा: खिडकी उघडी, हातात आवडती वस्तू, गप्पा चालू.

नोंद झाली की दोन आकडे काढा: डोळा लागण्याची सरासरी वेळ आणि २४ तासांतली एकूण झोप. ६ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी ९ ते १२ तास आणि ३ ते ५ वर्षांच्या मुलांसाठी डुलकीसह १० ते १३ तास झोप योग्य मानतात. तुमच्या वर्णनावरून शाळेच्या रात्री हा मुलगा सहा-सात तासांवर आहे. म्हणजे झोप कमी पडतेच आहे, पण अंथरुणात १० तास घालवूनही कमी पडते आहे. म्हणूनच अंथरुणातला वेळ आणखी वाढवून उपयोग नाही.

उशिरा झोपवून लवकर आणणं

सरासरी पावणेबारा असेल तर पहिल्या रात्री मुलाला अंथरुणावर १२ ला न्या. हो, १२ ला. सकाळी ७ ला उठवा, रविवारीसुद्धा. उठवल्यावर लगेच २०-३० मिनिटं बाहेरच्या उजेडात न्या. खिडकीतून येणारा उजेड बाहेरच्या उजेडापुढे फार मंद असतो, घड्याळ मागे आणायचं तर बाहेर पडणंच चांगलं. डुलकी नाही.

मूल दोन रात्री लागोपाठ १५-२० मिनिटांत झोपलं की वेळ १५ मिनिटं अलीकडे आणा: पावणेबारा, मग साडेअकरा. अर्ध्या तासाहून जास्त जागं राहिलं तर पुढच्या रात्री १५ मिनिटं उशिरा न्या. १२ वरून साडेनऊपर्यंत यायला १० पायऱ्या होतात. दर पायरीला दोन-तीन रात्री धरल्या तर तीन ते पाच आठवडे. साडेनऊच्या अलीकडे जाऊ नये असं मी म्हणेन. ७ ला उठणाऱ्या मुलाला साडेनऊ तास मिळतात आणि तिथे बरीच मुलं थांबतात. शेजारचं मूल ८ ला झोपतं म्हणून आपलंही झोपावं, या हट्टापायी जमलेली घडी विस्कटते.

इथे चुका ठरावीक होतात. पहिल्याच दिवशी मूल १० मिनिटांत झोपलं म्हणून पालक उत्साहाने दुसऱ्या दिवशी एकदम साडेदहाला नेतात आणि सगळं पुन्हा पहिल्यासारखं होतं. दुसरी चूक रविवारची. पाच दिवस कमावलेलं एका सकाळी जातं. 'बिचारा, झोपू दे थोडा' असं आजी म्हणेल तेव्हा त्यांना नोंदीचा कागद दाखवा. तिसरी चूक म्हणजे ९ ते १२ या मोकळ्या वेळात टीव्ही लावून ठेवणं. या वेळात घरातले दिवे मंद आणि पिवळसर ठेवा, टीव्ही-फोनसारखे स्क्रीन शेवटचा तासभर तरी बंद. लहान मुलांच्या डोळ्यांत मोठ्यांपेक्षा जास्त उजेड शिरतो आणि शरीरातलं मेलाटोनिन त्याने दबतं. ठोकळे, जोडकोडी, मणी ओवणं, वस्तू रांगेत लावणं चालेल. पण मुलाचा सर्वांत लाडका विषय, मग तो पंखे असो, रेल्वे असो की लिफ्टची बटणं, किमान दीड तास आधी थांबवा. तो त्याला शांत करतो असं वाटतं. प्रत्यक्षात तो चालू असेपर्यंतच मूल शांत असतं आणि थांबवताच कल्लोळ होतो.

अर्धा तास होऊनही अंथरुणात उड्या चालू असतील तर बाहेर आणून मंद उजेडात २०-३० मिनिटं काहीतरी कंटाळवाणं करायला बसवावं, मग परत न्यावं, असं सांगतात. बऱ्याच मुलांना हे लागू पडतं. पण काही स्वमग्न मुलांना खोली बदलणं हाच खेळ वाटतो. तसं असेल तर हलवू नका, अंथरुणातच राहू द्या आणि तुम्ही प्रतिसाद देणं कमी करा.

क्रम डोळ्यांना दिसला पाहिजे

झोपेआधीची तयारी अर्ध्या तासाची, चार ते सहा टप्प्यांची. तोंडी सूचना संपली की हवेत विरते, चित्र समोर राहतं. म्हणून टप्प्यांचे फोटो काढा, तेही तुमच्याच घरातल्या वस्तूंचे: त्याचा नाइट ड्रेस, त्याचं स्वच्छतागृह, त्याची उशी. इंटरनेटवरचं हसऱ्या टूथब्रशचं चित्र काही मुलांना आपल्या ब्रशशी जोडता येत नाही. फोटोही कळत नसेल तर वस्तूच हातात द्या. उशीचा छोटा अभ्रा हातात दिला की 'आता पलंग' असा अर्थ काही दिवसांत बसतो. कार्डं पट्टीवर वेल्क्रोने लावा. टप्पा संपला की मुलाने स्वतः कार्ड काढून 'झालं' असं लिहिलेल्या डब्यात टाकायचं. हे टाकणं महत्त्वाचं, कारण त्याशिवाय त्याला संपलं हे कळत नाही.

क्रम लावताना त्रासदायक गोष्टी वर ढकला. दात घासणं अनेकांना असह्य असतं. ते जेवणानंतर लगेच उरकावं, झोपेच्या उंबरठ्यावर ठेवू नये. कोमट पाण्याची अंघोळ तासभर आधी असेल तर नंतर शरीर थंड होत जातं आणि झोप यायला मदत होते. पण पाण्यात उधळणारं मूल असेल तर अंघोळ संध्याकाळीच आटपा. शेवटचे दोन टप्पे नेहमी झोपायच्या खोलीत आणि बसून करायचे असावेत.

एक सापळा सांगून ठेवतो. क्रम पक्का हवा, पण त्यातली प्रत्येक वस्तू पक्की नको. एकच निळा ड्रेस, एकच उशी, फक्त आईच, असं झालं तर ड्रेस धुवायला टाकलेल्या रात्री घरात प्रलय होतो. पहिल्या आठवड्यापासूनच दोन ड्रेस आलटून पालटून वापरा, आणि झोपवायला एक दिवस आई, एक दिवस बाबा.

पाठीवरचा हात आणि रात्रीचे २

प्रत्येक माणूस रात्री अनेकदा अर्धवट जागा होतो. झोपेचं एक आवर्तन संपून दुसरं सुरू होताना हे घडतं. सगळं आपण झोपलो तेव्हासारखंच असेल तर कूस बदलून परत झोप लागते. तुमचा मुलगा आईचा हात फिरत असताना झोपतो आणि २ ला उठतो तेव्हा तो हात नसतो. आपण पलंगावर झोपून जमिनीवर जागे झालो तर जसे दचकून उठू, तसं त्याचं होतं.

आईने शेजारी झोपण्यात काही चूक नाही, तेवढं स्पष्ट करतो. ती रात्रभर तिथेच असणार असेल तर फक्त हात काढायचा आहे. मूल स्वतंत्र झोपावं असं असेल तर शिडी लांब होईल. फिरणारा हात, मग स्थिर हात, मग गादीवर ठेवलेला हात, मग शेजारी खुर्चीत बसणं, खुर्ची दाराशी, खुर्ची दाराबाहेर. दर पायरीवर तीन-चार रात्री. अंगाई किंवा एकसुरी आवाज लावत असाल तर तो रात्रभर चालू राहणारा असावा, अर्ध्या तासात बंद होणारा नको, नाहीतर हाताच्या जागी आवाज येतो आणि २ ची कथा तीच राहते. ही शिडी वेळापत्रक बसल्यावर, म्हणजे मूल २० मिनिटांत झोपायला लागल्यावरच सुरू करा. दोन्ही एकदम केलं तर काय चुकलं हे कळत नाही.

रडत ठेवून दार लावून घेण्याची पद्धत स्वतःला मारून घेणाऱ्या, डोकं आपटणाऱ्या किंवा रडून उलटी करणाऱ्या मुलासाठी नाही.

२ ला उठून दीड-दोन तास मजेत जागं राहण्यामागे एक कारण हेही असतं की घड्याळ आणि अंथरुणातला वेळ जुळत नाही. वेळापत्रक आवळलं की तीन-चार आठवड्यांत या रात्री बहुधा कमी होतात. तोवर प्रतिसाद एकच ठेवा. मोठा दिवा नाही. एकच वाक्य, रोज तेच, सपाट आवाजात: 'रात्र आहे, झोप.' परत अंथरुणावर न्या, पांघरूण घाला, बास. हसलं तर सोबत हसू नका. अंथरुणाशेजारी दोन-तीन शांत वस्तू ठेवा, मऊ कापड, दाबायचा चेंडू, म्हणजे जागं असलं तरी ते तिथेच राहील. आणि रात्री फोन नाही. घरातले इतर झोपावेत म्हणून पालक तो देतात, हे समजण्यासारखं आहे, पण २ ला उठण्याचं याहून मोठं बक्षीस मुलाला दुसरं नाही. पहाटे ४ ला उठणाऱ्या मुलाच्या बाबतीतही तेच: उठताक्षणी नाश्ता आणि कार्टून मिळत असेल तर उठणं वसूल होतं. ठरलेल्या वेळी रंग बदलणारा दिवा लावून, दिवा हिरवा झाल्यावरच बाहेर, हे शिकवता येतं. आधी दिवसा खेळातून शिकवा.

प्रतिसाद बदलल्यावर तीन ते पाच रात्री प्रकार वाढतो. हे अपेक्षित आहे. घातक काय, तर चौथ्या रात्री थकून फोन देणं, कारण त्यातून मूल शिकतं की चार रात्री नेट लावला की मिळतो. म्हणून सुरुवात अशा आठवड्यात करा जेव्हा दोघेही घरी आहात, पाहुणे नाहीत, परीक्षा नाहीत. रात्र वाटून घ्या: एकाची पाळी २ पर्यंत, दुसऱ्याची २ नंतर. ज्याची पाळी नाही त्याने वेगळ्या खोलीत झोपावं, अर्धवट जागं राहू नये.

खोली

रात्री दिवे घालवून स्वतः मुलाच्या जागी १५ मिनिटं पडून पाहा. चार्जरचा निळा ठिपका, पंख्याची किरकिर, शेजारच्या नळाचा थेंब, डिटर्जंटचा वास, ड्रेसच्या मानेचं लेबल. यातलं तुम्हाला जे जाणवलं ते त्याला कित्येक पटींनी जाणवत असू शकतं. लेबल कापा, शिवण टोचत असेल तर कपडा उलटा घाला, ठिपक्यावर पट्टी लावा. दिवसा शरीराला दाब आणि ताण मिळेल असं काम द्या, जसं चढणं, ढकलणं, पोहणं, जड पिशवी उचलणं. शेवटच्या दोन तासांत मात्र नको. गोल गोल फिरवणं आणि जोराचे झोके अनेकांना चेतवतात. चहा, कोला, चॉकलेट दुपारनंतर बंद.

वजनदार पांघरुणाबद्दल अपेक्षा कमी ठेवा. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत स्वमग्न मुलांना वजनदार आणि साधं अशी दोन्ही पांघरुणं आळीपाळीने दिली होती. वजनदार पांघरुणाने झोप वाढली नाही, पण मुलांना आणि पालकांना ते आवडलं. आवडत असेल तर वापरा. मात्र मुलाला ते स्वतः काढता आलं पाहिजे, डोक्यावर येता कामा नये, आणि ३ वर्षांखालील मुलासाठी किंवा श्वासाचा त्रास, अपस्मार असलेल्या मुलासाठी ते वापरू नये.

रात्री उठून फिरणाऱ्या मुलाच्या खोलीतलं कपाट भिंतीला स्क्रूने बांधा, खिडकीला अडसर घाला, औषधं आणि गिळता येण्यासारखी बटण-बॅटरी कुलपात ठेवा. बाहेरच्या दाराला उघडताच वाजणारी घंटी बसवा. खोलीचं दार बाहेरून कुलूप लावून बंद करू नका, आग लागली तर तो मार्गच राहत नाही.

मेलाटोनिन

ही गुंगी आणणारी गोळी नाही. 'रात्र झाली' असा शरीराला मिळणारा संदेश आहे. अमेरिकन ॲकॅडमी ऑफ न्यूरॉलॉजीच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांचा क्रम असा आहे: आधी इतर आजार आणि औषधं तपासा, मग वर्तन आणि वेळापत्रकाचे उपाय, ते पुरले नाहीत तर मेलाटोनिन, तेही वर्तनाचे उपाय चालू ठेवून. सुरुवात १ ते ३ मिलिग्रॅम, झोपेच्या ३० ते ६० मिनिटं आधी, हळूहळू वाढवत दिवसाला १० मिलिग्रॅमच्या आत. मात्रा तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायची.

त्याने डोळा लवकर लागतो, साधारण अर्धा ते पाऊण तास. साध्या गोळीचा परिणाम काही तासांत ओसरतो, त्यामुळे २ च्या उठण्यावर तिचा फारसा उपयोग नाही. त्यासाठी हळूहळू विरघळणारी गोळी असते. युरोपात २०१८ मध्ये २ ते १८ वर्षांच्या स्वमग्न मुलांसाठी अशी गोळी मंजूर झाली. ती कुटून किंवा चावून दिली तर तिचा सगळा हेतूच संपतो. २ ला उठल्यावर दुसरा डोस देऊ नका. सकाळी मूल झिंगल्यासारखं राहतं आणि घड्याळ आणखी पुढे जाऊ शकतं.

वेळेची चूक जवळजवळ प्रत्येक घरात होते. मूल १२ ला झोपत असताना गोळी साडेआठला दिली जाते, कारण ९ ला झोपावं अशी इच्छा असते. मग ती लागू पडली नाही म्हणून मात्रा वाढते. गोळी आजच्या अंथरुणाच्या वेळेच्या तासभर आधी द्या, आणि ती वेळ १५ मिनिटं अलीकडे आली की गोळीही तितकीच अलीकडे आणा. सुरुवातीला छान चाललेली गोळी काही आठवड्यांत निष्प्रभ झाली तर काही मुलांत औषध शरीरातून सावकाश बाहेर पडत असतं. तिथे मात्रा वाढवण्याऐवजी कमी करावी लागते. मूल फ्लुवॉक्सामाइन (नैराश्य, मंत्रचळ यांवरचं औषध) घेत असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, त्याने रक्तातलं मेलाटोनिन खूप वाढतं.

चघळण्याच्या रंगीत गोळ्यांबद्दल: २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या तपासणीत अशी २५ उत्पादनं पाहिली, त्यांतल्या २२ वर लिहिलेला आकडा चुकीचा निघाला, आणि एकात मेलाटोनिन मुळीच नव्हतं. शिवाय ती मुलाला खाऊ वाटतात, हाताला लागली तर डबा रिकामा करेल. डॉक्टरांनी लिहून दिलेली आणि औषध म्हणून तयार झालेली गोळीच घ्या. बसलेली घडी तीन-चार महिने टिकली की डॉक्टरांना विचारून काही रात्री ती बंद करून बघा, गरज उरली आहे का ते कळतं.

ताप, प्रवास किंवा लांब सुट्टीनंतर घडी मोडणारच. तेव्हा पुन्हा १२ पासून सुरुवात करायची नाही. दोन-तीन रात्रींची नोंद घ्या, डोळा लागण्याची नवी वेळ काढा आणि तिथून १५ मिनिटांच्या पायऱ्या उतरा. बहुधा आठवड्याभरात जमतं. सहा आठवडे नेमाने करूनही काहीच हललं नाही, तर नोंदीचे कागद, व्हिडिओ आणि फेरिटिनचा रिपोर्ट घेऊन लहान मुलांच्या झोपेवर काम करणाऱ्या तज्ज्ञांकडे जा. पहिल्या १४ दिवसांचा कागद सोबत हवाच.